तपासणी म्हणते डोळे नॉर्मल, तरी दिसत नाही: दडलेल्या कॅन्सरची खूण डोळ्यांत कशी ओळखायची

आमच्याकडे ईआरजीची, म्हणजे डोळ्याचा मागचा पडदा प्रकाशाला किती प्रतिसाद देतो ते मोजणाऱ्या तपासणीची, खोली जिन्याखाली आहे. खिडकी नाही, दाराच्या फटींना काळं कापड चिकटवलेलं. मी तिथे बरीच वर्षं मशीन लावते. एकदा साठीच्या एक मावशी आल्या. पिशवीत चार चष्मे, सगळे त्याच वर्षातले. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशनही दोन महिन्यांपूर्वी झालेलं, पण फरक शून्य. तीन ठिकाणच्या कागदांवर एकच शेरा होता, मागचा पडदा नॉर्मल. मावशी म्हणाल्या, "अगं, ट्यूब जायला आली की कशी फडफडते? तसं चोवीस तास चाललंय. डोळे मिटले तरी थांबत नाही. आणि संध्याकाळी घरात मी भिंत धरून चालते."

त्यांच्या ईआरजीची रेघ जवळजवळ सपाट आली. दहा दिवसांनी छातीचा सीटी झाला आणि फुप्फुसात गाठ सापडली. खोकला नव्हता, वजन उतरलेलं नव्हतं. शरीरात काही बिनसलंय हे सगळ्यात आधी डोळ्यांनी सांगितलं होतं, पण ऐकणारा भेटायला चार महिने गेले.

हे चार महिने कसे वाचवायचे, त्यासाठी हा लेख. एक गोष्ट आधीच सांगते. हा आजार फार दुर्मीळ आहे. डोळ्यांत चमकलं म्हणजे कॅन्सर, असं वाचून कुणी रात्र जागवू नये.

आधी समजून घ्या: गाठ छातीत, मग नजर का जाते?

कॅन्सरचा डोळ्यांशी दोन तऱ्हांनी संबंध येतो. पहिल्या तऱ्हेत कॅन्सरच्या पेशी रक्तातून डोळ्यात येऊन बसतात. स्तनाचा आणि फुप्फुसाचा कॅन्सर यात पुढे. दुसऱ्या तऱ्हेत डोळ्यात कॅन्सरची एकही पेशी नसते, तरी डोळा बिघडतो. वैद्यकात याला पॅरानिओप्लास्टिक आजार म्हणतात. हा लेख मुख्यतः या दुसऱ्या तऱ्हेबद्दल आहे.

पडद्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशींमध्ये रिकव्हरिन नावाचं एक प्रथिन असतं. एरवी ते डोळ्याबाहेर फारसं आढळत नाही. काही गाठी, विशेषतः फुप्फुसाचा स्मॉल सेल कॅन्सर, नको तिथे हेच प्रथिन तयार करू लागतात. शरीराची प्रतिकारशक्ती ते परकं समजून त्याविरुद्ध अँटीबॉडी बनवते. म्हणजे लढाई गाठीशी असते, पण तेच प्रथिन डोळ्यात दिसल्यावर मार डोळ्यालाही बसतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तसा हा प्रकार. तीन रुग्णांच्या नोंदींवरून अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९७६ साली हे पहिल्यांदा नीट मांडलं. आज त्याला कॅन्सर-असोसिएटेड रेटिनोपॅथी म्हणतात. डॉक्टर बोलताना नुसतं 'कार' म्हणतात, तेव्हा चारचाकीबद्दल चाललंय असं समजू नका.

फुप्फुसाखालोखाल स्तनाचा आणि स्त्रियांच्या गर्भाशय-बीजांडकोशाचा कॅन्सर यामागे सापडतो. बऱ्याच रुग्णांत नजर आधी बिघडते आणि कॅन्सर नंतर कळतो, म्हणून हा आजार लवकर ओळखण्याला इतकं महत्त्व.

पायरी १: घरी बसून लक्षणं तपासा

वहीत चार प्रश्नांची उत्तरं लिहा. डॉक्टरांपुढे बसलं की निम्मं विसरतं.

पहिला प्रश्न: किती दिवसांत बिघडलं? या आजारात नजर आठवड्यांत किंवा काही महिन्यांत उतरते. लहानपणापासून रात्री कमी दिसत असेल, घरात आणखी कुणाला तसंच असेल, तर तो बहुधा रेटिनायटिस पिगमेंटोसासारखा आनुवंशिक आजार.

दुसरा: एक डोळा की दोन्ही? एकेक डोळा हाताने झाकून भिंतीवरचं कॅलेंडर बघा. 'कार'मध्ये दोन्ही डोळे बिघडतात. एक थोडा पुढे, एक मागे असू शकतो, पण दुसरा ठणठणीत नसतो.

तिसरा: चमकतं ते कसं? इथे फरक बारीक आहे. वयानुसार डोळ्यातला जेलीसारखा द्रव पडद्यापासून सुटतो, तेव्हा एकाच डोळ्यात, कडेला, अंधारात मान किंवा डोळा हलवला की विजेसारखी रेघ चमकते आणि काळे ठिपके तरंगतात. तो निराळा प्रश्न, पण पडद्याला भोक पडलेलं असू शकतं, म्हणून त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी दाखवायचं. अर्धशिशीत नागमोडी चमक वीस-तीस मिनिटं राहते आणि निघून जाते. 'कार'मधली चमक मात्र जात नाही. लुकलुकणं, थरथरणं, उन्हात तापलेल्या डांबरी रस्त्यावर हवा हलते तसं दिसणं, भर दिवसासुद्धा.

चौथा: उजेडाशी आणि अंधाराशी कसं जमतं? उन्हातून घरात आल्यावर दिसायला लागायला पूर्वीपेक्षा किती जास्त वेळ लागतो? थिएटरमध्ये खुर्ची सापडते का? समोरून गाडीचा दिवा आला की सगळं पांढरं होतं का? नजरेच्या मध्याभोवती कड्यासारखा भाग दिसेनासा होतो, त्यामुळे माणूस वर्तमानपत्र वाचू शकतो पण दाराच्या चौकटीला धडकतो. घरचे म्हणतात, "वाचता येतं की, मग धडपडतेस कशी? लक्ष कुठे असतं तुझं?" लक्ष जागेवर असतं, दिसत नसतं. काहींना रंगही फिके दिसतात.

दुखणं, लाली, चिकटपणा मात्र नसतो. बाहेरून डोळा छान दिसतो आणि तिथेच सगळे फसतात.

पायरी २: डॉक्टरांकडे जाताना

चष्म्याच्या दुकानात जाऊन नंबर काढण्यात वेळ घालवू नका. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे, आणि जवळपास असेल तर रेटिनाच्या, म्हणजे मागच्या पडद्याच्या, तज्ज्ञाकडे जा. "नीट दिसत नाही" एवढंच सांगितलंत तर पन्नाशीपुढच्या माणसाला उत्तर ठरलेलं असतं: मोतीबिंदू. मोतीबिंदू खराच असतो, पण तक्रार त्याची नसते. म्हणून हे वाक्य जसंच्या तसं बोला: "इतक्या आठवड्यांत दोन्ही डोळ्यांची नजर उतरली, सतत लुकलुकतं आणि अंधारात दिसत नाही."

सोबत सगळ्या गोळ्यांची यादी न्या. संधिवातासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन वर्षानुवर्षं चालू असेल तर तीही पडद्याला इजा करते. पूर्वी कॅन्सर झाला होता का, हे दहा वर्षांपूर्वीचं असलं तरी सांगा. "ते आता बरं झालंय, डोळ्याचा काय संबंध" म्हणून बायका स्तनाच्या ऑपरेशनबद्दल बोलतच नाहीत. बिडी, सिगारेट किती वर्षं, तेही सांगा. पोटाचं किंवा आतड्याचं मोठं ऑपरेशन झालं असेल, यकृताचा आजार असेल, तर तोही सांगा. अशा माणसांना जीवनसत्त्व अ शोषलं जात नाही आणि रातांधळेपणा येतो. ते वेळेत सापडलं तर उपचार साधा आणि गुणही चांगला येतो.

बाहुल्या मोठ्या करण्याचे थेंब टाकतील, तेव्हा स्वतः गाडी चालवत जाऊ नका.

पायरी ३: तपासण्या, आणि त्यातली ईआरजी जरा सविस्तर

सुरुवातीला पडदा तपासला तर तो खरोखर नॉर्मल दिसू शकतो. रक्तवाहिन्या बारीक होणं, पडद्याचा रंग बदलणं, नस फिकी पडणं हे पुढचं. म्हणून नुसतं पाहून भागत नाही. दृष्टिक्षेत्राची तपासणी करायला सांगतील. एका भांड्यासारख्या यंत्रात डोकं ठेवून, ठिपका दिसला की बटण दाबायचं. ओसीटी नावाच्या स्कॅनमध्ये पडद्याचे थर दिसतात. प्रकाश टिपणाऱ्या पेशींचा थर पातळ झालेला तिथे कळतो. ऑटोफ्लुओरेसन्स नावाच्या फोटोत आजारी भागाभोवती उजळ कडं दिसू शकतं.

पण निकाल देते ती ईआरजी, म्हणजे पडद्याचा ईसीजी म्हणा. शक्यतो ती या फोटोंच्या आधी करा. फोटोच्या झगमगाटाने पेशी दिपलेल्या असतात. आधी झालेच असतील तर अर्धा तास मध्ये जाऊ द्या.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगते, कारण अंधारकोठडी म्हटलं की माणसं बिचकतात. थेंब टाकून बाहुल्या मोठ्या केल्या की मी तुम्हाला वीस मिनिटं मिट्ट काळोखात बसवते. नंतर मंद लाल दिवा लावते, कारण अंधारात पाहणाऱ्या पेशींना लाल उजेड जवळपास कळतच नाही. नातेवाइकाचा मोबाइल उजळला तर वीस मिनिटं पुन्हा पहिल्यापासून, म्हणून फोन बाहेर. कपाळावर किंवा कानशिलावर चिकटपट्टी लागते. खालच्या पापणीच्या कडेला केसासारखा बारीक धागा टेकवते. काही ठिकाणी धाग्याऐवजी लेन्स वापरतात. डोळे थेंबाने बधिर केलेले असतात, दुखत नाही, फक्त धूळ गेल्यासारखं वाटतं.

मग एका पांढऱ्या घुमटात बघायचं. आधी इतका मंद प्रकाश चमकतो की काही जण विचारतात, "लावलं का?" मग प्रखर. मशीनच्या स्क्रीनवर रेघ उमटते. प्रकाश टिपणाऱ्या पेशी जागच्या असतील तर आधी एक खड्डा पडतो. त्यांनी निरोप पुढच्या थरातल्या पेशींना दिला की खड्ड्यानंतर उंच डोंगर उठतो. नंतर दहा मिनिटं उजेडात बसवून पुन्हा चमका, शेवटी सेकंदाला तीस वेळा लुकलुकणारा दिवा. हा भाग दिवसा पाहणाऱ्या पेशींसाठी. 'कार'मध्ये खड्डाही जातो आणि डोंगरही, रेघ आडवी होते. दुसऱ्या एका आजारात खड्डा नेहमीसारखा पडतो पण डोंगर उठत नाही. तो मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरशी जोडलेला असू शकतो. बहुतेक रुग्णांना मेलानोमा झालेला आधीच माहीत असतो, आणि डोळ्यांची तक्रार सुरू झाली की तो पसरला आहे का हे बघावं लागतं. आपल्याकडे हा कॅन्सर कमी आहे, पण होतो तेव्हा बरेचदा तळपायावर किंवा नखाखाली होतो. कॉर्न म्हणून घासत बसलेला काळा डाग असेल तर मोजा काढून दाखवा.

सगळं मिळून दीड-दोन तास. जेवून या. उपाशी माणूस काळोखात पेंगतो आणि डोळे मिटले की रेघ बिघडते.

पायरी ४: रक्त

सिफिलिस, एचआयव्ही, जीवनसत्त्व अ, साखर या साध्या तपासण्या आधी. सिफिलिस म्हटलं की चेहरे पडतात, पण हा आजार डोळ्यात कशाचंही सोंग घेतो आणि पेनिसिलिनने बरा होतो, म्हणून तपासणी टाळू नका.

पडद्याविरुद्धच्या अँटीबॉडीची तपासणी मोजक्या प्रयोगशाळांत होते. नमुना बाहेर पाठवावा लागतो, खर्च बराच आणि वाट पाहणं आलं. पैसे भरण्याआधी एवढं समजून घ्या: रिकव्हरिनविरुद्धची अँटीबॉडी सापडली तर कॅन्सरचा संशय घट्ट होतो. पण अल्फा-एनोलेजसारख्या काही अँटीबॉडी निरोगी माणसांतही सापडतात. उलट, तपासणी निगेटिव्ह आली म्हणून आजार नाही असंही होत नाही. माझं मत विचाराल तर पैसे आणि दिवस यात निवड करायची वेळ आली तर छातीचा सीटी आधी करा. अँटीबॉडीचा कागद येईपर्यंत गाठ शोधणं थांबवायचं काही कारण नाही.

पायरी ५: गाठ शोधणं

इथून पुढे फक्त डोळ्यांच्या डॉक्टरांवर सोडू नका. त्यांच्याकडून सविस्तर पत्र घ्या, आणि त्यात "पॅरानिओप्लास्टिक रेटिनोपॅथीचा संशय, दडलेला कॅन्सर शोधावा" असं स्पष्ट लिहून घ्या. नाहीतर फिजिशियन बीपी बघून परत पाठवतील.

साध्या एक्स-रेवर समाधान मानू नका. हृदयामागची किंवा मधल्या भागातली लहान गाठ त्यात सुटते. छाती आणि पोटाचा कॉन्ट्रास्ट देऊन केलेला सीटी, बायकांसाठी मॅमोग्राफी, आतली तपासणी आणि ओटीपोटाची सोनोग्राफी. यात काही मिळालं नाही आणि संशय पक्का असेल तर पेट-सीटी, म्हणजे सगळ्या शरीराचा स्कॅन. पाळी गेल्यानंतर थोडंसं जरी अंगावर गेलं असेल तरी सांगा. डोळ्यांच्या डॉक्टरांना ते कसं सांगायचं म्हणून गप्प बसलेल्या बायका मी पाहिल्यात.

सगळं स्वच्छ आलं तर? सुटकेचा श्वास घ्या, पण फाइल बंद करू नका. गाठ इतकी लहान असू शकते की आज दिसत नाही. मज्जासंस्थेच्या अशाच आजारांत दर चार ते सहा महिन्यांनी, दोन वर्षांपर्यंत पुन्हा शोध घेण्याची पद्धत आहे. डोळ्यांच्या बाबतीत किती वेळा करायचं ते डॉक्टरांकडून ठरवून कॅलेंडरवर लिहा. कित्येकांना कॅन्सर कधीच सापडत नाही. तेव्हा तो निव्वळ पडद्याचा ऑटोइम्यून, म्हणजे स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने केलेला, आजार ठरतो आणि उपचार त्या दिशेने जातात.

पायरी ६: उपचार, आणि कशाची आशा धरायची

कॅन्सरचा उपचार पहिला. पण नुसती गाठ काढून किंवा केमो घेऊन नजर परत येते असं नाही. सोबत प्रतिकारशक्तीला आवर घालावा लागतो. स्टिरॉइड, शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन, प्लाझ्मा बदलणं, रिटक्सिमॅब, यांपैकी काय आणि कोणत्या क्रमाने, याचं सर्वमान्य उत्तर अजून नाही. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. उरलेल्या टिकवणं हे ध्येय. लवकर सुरू केलं तर काहींना थोडं सुधारल्यासारखं वाटतं, काहींची नजर सगळं करूनही उतरत जाते. हे डॉक्टरांनी आधी सांगितलं नाही तर तुम्ही विचारा, म्हणजे सहा महिन्यांनी कुणावर राग काढायची वेळ येणार नाही.

स्टिरॉइड सुरू करण्याआधी दोन गोष्टी. आपल्याकडे टीबी दडून बसलेला असतो, त्याची तपासणी झालीय का? साखर किती आहे? रिटक्सिमॅबआधी हिपॅटायटिस बीची तपासणी हवीच. आणि लिम्फोमाचा, म्हणजे पांढऱ्या रक्तपेशींच्या कॅन्सरचा, संशय असेल तर गाठीचा तुकडा तपासायच्या आधी स्टिरॉइड घेऊ नका. गाठ तात्पुरती विरघळते आणि निदान हुकतं.

कॅन्सरसाठी इम्युनोथेरपी देणार असतील तर कॅन्सरच्या डॉक्टरांना डोळ्यांची फाइल दाखवा. ती औषधं प्रतिकारशक्तीला मोकळं सोडतात आणि डोळ्यांवरचा हल्ला वाढू शकतो. दोन्ही डॉक्टर एकमेकांशी फोनवर बोलले तर उत्तम. ते जमवून आणायचं काम बहुतेक वेळा मुलाला किंवा सुनेलाच करावं लागतं.

नजर कायमची उतरली तर दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी अर्ज करता येतो. घरात जिन्याच्या कडेला पिवळी पट्टी, संडासच्या वाटेवर रात्रभर दिवा, बाहेर जाताना कडेनेही झाकणारा गडद चष्मा. स्कूटरची किल्ली मात्र पहिल्याच दिवशी काढून घ्या, भांडण झालं तरी.

डोळ्यांच्या आणखी काही खुणा

एका बाजूची पापणी थोडी उतरलेली, त्याच डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा लहान, आणि त्याच बाजूचा खांदा किंवा हात महिनोन्‌महिने दुखतोय: फुप्फुसाच्या टोकाची गाठ तिथल्या नसा दाबत असू शकते. खांद्याला तेल चोळण्यात वेळ जातो. छातीचा सीटी करा.

पापणी संध्याकाळी जास्त पडते, एकाचे दोन दिसतात, झोपून उठलं की बरं: हा मायस्थेनिया, म्हणजे स्नायू लवकर थकवणारा आजार. यातल्या दहा ते पंधरा टक्के रुग्णांत छातीतल्या थायमस ग्रंथीची गाठ असते, म्हणून निदान झालं की छातीचा सीटी ठरलेलाच.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू भराभर वाढतोय आणि पडद्याखाली पाणीही साठलंय, असं फार क्वचित दिसतं. बायकांत त्यामागे गर्भाशय-बीजांडकोशाचा, पुरुषांत फुप्फुसाचा किंवा स्वादुपिंडाचा कॅन्सर निघू शकतो.

आणि लहान मुलं. सहा महिने ते तीन वर्षांचं, चांगलं चालणारं पोर अचानक धडपडू लागतं, हातपाय झटकतं, किरकिरं होतं, रात्र रात्र झोपत नाही, आणि डोळे? डोळे वर, खाली, आडवे, कसेही सुसाट पळतात, मध्ये क्षणभरही थांबत नाहीत. झोपेतही पापण्यांखाली ते चाललेलं दिसतं. याला ऑप्सोक्लोनस म्हणतात. अशा मुलांपैकी साधारण निम्म्यांच्या पोटात किंवा छातीत न्यूरोब्लास्टोमा या लहान मुलांच्या कॅन्सरची गाठ सापडते. 'व्हायरल ताप येऊन गेला, तोल गेलाय, होईल बरा' असं सांगून मूल घरी पाठवलं जातं, कारण डोळ्यांचा हा खेळ झटक्याझटक्याने येतो आणि दवाखान्यात नेमका थांबलेला असतो. दृष्ट काढायची तर काढा, पण त्याआधी मोबाइलवर व्हिडिओ घ्या. चेहरा जवळून, खिडकीच्या उजेडात, निदान मिनिटभर. दुसरा व्हिडिओ मूल चालतानाचा. मुलांच्या मेंदूविकार तज्ज्ञाला तेच आधी दाखवा. या गाठीसाठी करतात ती लघवीची तपासणी नॉर्मल आली तरी गाठ नाही असं ठरत नाही, पोट आणि छातीचा सीटी किंवा एमआरआय लागतो. गाठ बहुधा सौम्य वागते आणि मूल त्यातून वाचतं. शिकण्यात, बोलण्यात, वागण्यात मात्र अडचणी मागे राहू शकतात, म्हणून स्टिरॉइड आणि बाकीचे उपचार लवकर लागतात. त्या व्हिडिओवर तारीख राहू द्या, आणि फोन बदललात तरी तो पुसू नका. वर्षभराने नवे डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात: सुरुवातीला कसं दिसत होतं?